टर्बाइन किती वेळा पेटवले, ते मोजा

संपादक महोदय,

रेल्वेच्या डिझेल इंजिनाला गॅस टर्बाइनची जोड देण्याच्या पश्चिम जर्मन प्रयोगावरील लेख वाचला. टर्बाइन इंधन फार खाते म्हणून प्रयोग बारगळला, हे त्यातले म्हणणे अर्धेच खरे आहे.

१९६५ च्या ‘व्ही १६९ ००१’ या नमुना इंजिनात १,९०० अश्वशक्तीच्या डिझेलसोबत ९०० अश्वशक्तीचे टर्बाइन होते. पुढे १९७०-७१ मध्ये क्रुप कंपनीने २१० मालिकेची आठ इंजिने बांधली. त्यांत डिझेल २,५०० अश्वशक्तीचे आणि टर्बाइन १,१५० चे लायकमिंग टी-५३, म्हणजे ह्युई हेलिकॉप्टरमधले. म्युनिक-लिंडाऊ मार्गावर तेव्हा विजेची तार नव्हती आणि चढावर जड गाड्यांना दोन इंजिने जोडावी लागत. ते काम एकावर भागवायचे होते. चार धुऱ्यांवर सुमारे ८० टन भार असताना दुसरे मोठे डिझेल बसवायला जागाच नव्हती. टी-५३ चे वजन मात्र जेमतेम अडीचशे किलो. कल्पना चुकीची नव्हती.

खरी अडचण वापरात होती. टर्बाइन रिकामे फिरतानाही भरपूर इंधन पिते, म्हणून चढ संपला की ते बंद करणेच परवडते. पण थंड पाती काही सेकंदांत लालबुंद होतात आणि बंद केल्यावर पुन्हा आकसतात. दर वेळी पाती आणि ती जिच्यावर बसवलेली असतात ती चकती यांचे आयुष्य थोडे कमी होते. इंधन वाचवायला जावे तर टर्बाइन झिजते, असा हा पेच. त्यात मिनिटाला वीस हजारांवर फेरे! एखादे पाते सुटले तर ते आवरणात थांबेलच असे नाही. गंभीर बिघाडांनंतर १९७९ पासून टर्बाइनचा वापर थांबला. १९८०-८१ मध्ये टर्बाइने काढून टाकून आठही इंजिने २१८ मालिकेत, ९०१ ते ९०८ क्रमांकांनी, गेली.

अशी जोड पुन्हा कोणी आजमावणार असेल, तर नोंदवहीत धावलेल्या तासांआधी सुरुवातींची संख्या आणि प्रत्येक सुरुवातीचे सर्वोच्च वायूतापमान लिहावे. बॅटरी कमकुवत असली की स्टार्टर टर्बाइनला पुरेशा वेगाने फिरवत नाही. हवा कमी पडते, इंधन मात्र येतच राहते आणि तापमान मर्यादेबाहेर जाते. हा प्रकार एकदा घडला, तरी टर्बाइन तपासल्याशिवाय पुन्हा चालवू नये. बंद करण्यापूर्वी दोन मिनिटे ते बिनभाराचे फिरू द्यावे, नाहीतर साठलेली उष्णता बेअरिंगमधले वंगणाचे तेल जाळून कोळसा करते. वेळापत्रक आखणाऱ्यांनी ही दोन मिनिटे आधीच धरायला हवीत. चालकाच्या मर्जीवर सोडली, तर गाडी उशिरा असेल त्या दिवशी ती हमखास वगळली जातील.

आपला,
एक वाचक