उद्यमनगरातून एका पोरीला जाहीर आभार

पोरी,

"काका, माझं नाव कुठं टाकू नका," असं तू तीनदा बजावलंस. नाही टाकत. पण आभार चारचौघांतच मानणार. 'गूगलवर पहिल्या नंबरला आणतो' असे फोन आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात रोज कुणाला ना कुणाला येतात, त्यांच्याही कानावर जाऊ दे.

आमचं काम तुला माहीत आहेच. गुऱ्हाळाच्या घाण्याचे रोलर, गिअर, बेअरिंगचे ब्लॉक. वडिलांच्या काळात गिऱ्हाईक तोंडी यायचं. वेबसाइट केली ती पोराच्या हट्टापायी, आणि चार वर्षं ती बरी चालली. निपाणी, कराड, एकदा तर थेट मंड्याहून फोन आला. मग मला हाव सुटली. एका एजन्सीनं 'हजार बॅकलिंक', म्हणजे दुसऱ्यांच्या साइटवरून आपल्या साइटकडे येणाऱ्या लिंक, लावून देतो म्हटलं, मी चेक फाडला. दोन महिने साइट अशी वर गेली की पेढे वाटायचेच बाकी होते. तिसऱ्या महिन्यात फोन बंद. दिवाळी झालेली, घाणे सुरू झालेले, आणि कारखान्याचं नाव टाइप केलं तरी आम्ही सापडेना!

एजन्सीवाला म्हणाला, "अजून हजार मारू." तेवढ्यात तू सुट्टीला आलीस म्हणून वाचलो.

तुझा पहिलाच प्रश्न: "सर्च कन्सोल कधी उघडलंय का?" गूगल साइटच्या मालकाला साइटबद्दलचे निरोप देतं ती जागा. मला पासवर्डच आठवेना. उघडलं तर 'मॅन्युअल ॲक्शन्स'खाली तीन आठवड्यांपूर्वीचा निरोप पडलेला, तुमच्या साइटकडे येणाऱ्या लिंक अनैसर्गिक आहेत म्हणून. तू म्हणालीस, "काका, हे एका परीनं बरंच झालं." खरं सांगतो, त्या क्षणी तुझा राग आला होता.

मग समजावलंस. घसरायच्या दोन तऱ्हा. गूगलची यंत्रणाच खाली ढकलते तेव्हा नोटीस येत नाही आणि अर्जही चालत नाही. साइट सुधारायची आणि वाट बघायची. एप्रिल २०१२ मध्ये गूगलच्या यंत्रणेत 'पेंग्विन' नावाचा बदल आला तेव्हा विकतच्या लिंकवाल्या कितीतरी साइट अशाच आपटल्या. २०१६ पासून तो मुख्य यंत्रणेतच मुरलाय आणि फालतू लिंक बहुतेक वेळा नुसत्या मोजतच नाही. दुसरी तऱ्हा म्हणजे गूगलच्या माणसानं स्वतः बघून शिक्का मारलेला. त्याची नोटीस मिळते, चूक निस्तरून फेरतपासणीचा अर्ज करता येतो. आपलं प्रकरण दुसरं.

लिंकांची यादी उतरवलीस तेव्हा मला घाम फुटला. परदेशी जुगाराच्या साइट, औषधांच्या साइट, आणि सगळीकडे एकच वाक्य: 'बेस्ट शुगरकेन रोलर कोल्हापूर'. "हजार माणसं शब्दाला शब्द जुळवून तुमचं कौतुक करायला लागली तर तुम्ही तरी विश्वास ठेवाल का?" असं विचारलंस. काय बोलणार?

मी म्हटलं, सगळ्याच टाक त्या डिसअव्हाऊ फाइलमध्ये, म्हणजे 'या लिंक धरू नका' असं गूगलला कळवायच्या यादीत. तू ऐकलं नाहीस. आधी त्या साइटवाल्यांना लिंक काढा म्हणून ईमेल. जे दाद देणार नाहीत त्यांचंच डोमेन साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, एका ओळीत एक. आणि यादीत शिरोळकडच्या एका गुऱ्हाळवाल्याचं पान निघालं. त्यानं आपणहून लिहिलं होतं, 'रोलर इथून घेतले, तीन हंगाम झाले, अजून दात शाबूत.' ती लिंकही मी घाईत घालवणार होतो! "ही ठेवायची," म्हणालीस, "असल्या दहा मिळाल्या तरी पुष्कळ झाल्या."

आता माझं पाप. एजन्सीला दोष देऊन मोकळा होत होतो, पण जिल्ह्याच्या बारा तालुक्यांची बारा पानं मीच करून घेतली होती. मजकूर तोच, फक्त गावाचं नाव बदललेलं. गगनबावड्याच्या पानावर तर 'गगनबावड्यातील क्रमांक एकचे रोलर' असं होतं. तिथं आमचं एकही गिऱ्हाईक नाही. शिवाय तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत पन्नास गावांची नावं. तू माउस फिरवून ती निळी करून दाखवलीस, आणि मला आमच्या फौंड्रीतला ब्लोहोल आठवला. कास्टिंगला भोक पडलं की काहीजण पुट्टी भरतात, वर रंग मारतात. लेथवर चढवलं की पहिल्याच कटात उघडं पडतं. असलं कास्टिंग मी आयुष्यभर परत पाठवलंय. बारा पानं त्याच दुपारी काढली. मला लाजल्यासारखं झालं तर तू सांगितलंस, असल्याच फसव्या पानांपायी २००६ मध्ये गूगलनं बीएमडब्ल्यूची जर्मन साइटसुद्धा यादीतून काढली होती. तेवढाच धीर.

पहिला अर्ज नापास झाला, कारण तो मी लिहिला होता. अर्ध्यात एजन्सीला शिव्या. दुसरा तू शेजारी बसून लिहून घेतलास: पैसे देऊन लिंक घेतल्या, कोणत्या काढल्या, कुणाला कधी ईमेल केला त्याची शीट, आणि पुन्हा करणार नाही. काही आठवड्यांनी शिक्का उठला. साइट पूर्वीच्या उंचीवर काही गेली नाही. तू आधीच म्हणाली होतीस, ती उंची खोट्या लिंकांच्या जिवावरच होती. पण परवा चंदगडहून चौकशी आली.

पाच स्टार देणाऱ्याला सूट द्यायचा माझा बेत तू हाणून पाडलास, तोही या हिशेबात धरतो. गुळाच्या मासिकातली जाहिरात चालेल, पण तिच्या लिंकला 'स्पॉन्सर्ड'चा टॅग, म्हणजे ही पैसे देऊन घेतलेली लिंक आहे अशी खूण, हवा, हेही वहीत लिहून ठेवलंय.

तुझ्या सांगण्यावरून 'रोलरचे दात झिजलेत हे कसं ओळखावं' हे पान मी स्वतः लिहिलं. वाचून चुका सांग. झिजलेल्या दाताचा फोटो तेवढा राहिलाय, लेथवरचा पोरगा जत्रेला गेलाय. सोमवारी काढतो. तुझ्यासाठी गुळाचा एक रवा बाजूला काढून ठेवलाय, पुण्याला जाताना घेऊन जा.

तुझा,
उद्यमनगरचा काका