बाथरूम वर, संडास मात्र खालीही

ति. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, बाथरूम वर नेली तर घराची किंमत वाढेल का, असं तुम्ही विचारलंत. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

इंग्लंडातल्या या लेस्टर शहरात ही एकाला एक चिकटलेली घरं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बांधली, तेव्हा संडास मागच्या अंगणात असायचा आणि बाथरूम नसायचीच. १९४९च्या कायद्याने घरदुरुस्तीला अनुदान सुरू झालं. पुढच्या काही दशकांत अनेकांनी स्वयंपाकघरामागे खोली वाढवून तिथे बाथरूम केली. त्यामुळे झोपायचं वर आणि रात्री उठलं की जिना उतरून स्वयंपाकघरातून जायचं. घर घेणाऱ्यांनाही हे नकोच असतं.

पण इथे भाव ठरतो तो मुख्यतः बेडरूम किती आहेत त्यावर. चांगली बेडरूम मोडून बाथरूम केली, तर मिळालं त्यापेक्षा गमावलं जास्त असं होऊ शकतं. दोन बेडरूमच्या घरात तर हा विचारच करू नये. आमची स्वयंपाकघरावरची तिसरी खोली मात्र मधल्या बेडरूममधूनच गाठावी लागते. अशा खोलीला कुणी पुरती बेडरूम मानत नाही, म्हणून तीच बाथरूमसाठी द्यायची ठरवलंय. मधल्या खोलीतून बोळ काढावा लागेल, नाहीतर बाथरूमला जाणारा माणूस कुणाच्या तरी उशापासून जाणार. ती खोली थोडी अरुंद होईल, पण डबल बेड बसायलाच हवा. तो बसला नाही तर सगळं गणित फिसकटेल.

सांडपाण्याच्या पाइपाच्या ढाळाची काळजी करू नका. ११० मिलिमीटरचा पाइप मागच्या भिंतीवरून सरळ खाली जुन्या चेंबरमध्ये येईल, आडवा भाग अगदी थोडा. पुढच्या बाजूला बाथरूम काढली असती, तर पाइपासाठी वरच्या मजल्याच्या जमिनीखालच्या लाकडी तुळया कापायची वेळ आली असती किंवा मैला ढकलणारा पंप बसवावा लागला असता. तो पंप मला अजिबात नको. टब भरला की दोनशे किलोच्या आसपास वजन येतं, म्हणून तुळया आधी तपासून घेणार आहोत. कामाची तपासणी होऊन दाखला मिळतो, तोही हातात हवाच. विकताना समोरच्याचा वकील पहिल्यांदा तोच मागतो.

आई, खालचा संडास मी काढणार नाहीये. इथे १९९९पासून नव्या घरांना प्रवेशाच्या मजल्यावर संडास नियमानेच लागतो, मग आपणच असलेला का मोडायचा? तुम्ही दोघं आलात की पुढच्या खोलीत झोपाल. तुझ्या गुडघ्यांना त्या उभ्या जिन्याचा त्रास नको. यातून चार पौंड कमी आले तरी चालतील मला.

बाबा, नकाशा सोबत जोडलाय, बोळाची रुंदी पुरेल का ते बघून कळवा. आणि आई, खाली धरायला दांडी कुठल्या हाताला लावू ते सांग.

तुमची लेक