ताई, तुम्ही ते गढूळ पाणी गाळून घेतलंत

ताई,

नाव छापायचं नाही, असं तुम्ही मला दोनदा बजावलंत. ते पाळते. पण आभार मात्र चारचौघांत मानू द्या, कारण तुम्ही जे केलंत ते आमच्या वाचनालयाच्या चार भिंतींत ठेवावं असं मला वाटत नाही.

पुरात भिजलेल्या आमच्या पुस्तकांपैकी तुम्ही दुरुस्त केलेलं शेवटचं पुस्तक मागच्या शनिवारी परत आलं. वाग्भटाचा आयुर्वेदावरचा ग्रंथ अष्टांगहृदय, अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी संपादित केलेला, मुंबईत १८८० साली छापलेला. माझ्या पणजोबांचं. त्यांच्या मागे आजोबांनी वैद्यकी केली, मग वडिलांनी, आता मी करते. आजोबांनी ग्रंथसंग्रह वाचनालयाला दिला तेव्हा त्यांना वाटलं होतं, घरापेक्षा तिथे तो जास्त जपला जाईल. शनिवारी चिकित्सास्थानातला पहिला अध्याय, ज्वरचिकित्सेचा, उघडला आणि त्या पानावर हात ठेवून बराच वेळ बसून राहिले. ग्रंथपाल बाईंनी न विचारता पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

२०१९ चा ऑगस्ट सांगलीकरांना सांगायला नको. कृष्णेची धोक्याची पातळी आयर्विन पुलाजवळ ४५ फूट, आणि पाणी गेलं ५७ फुटांच्या वर. वाचनालयाचा तळमजला कितीतरी दिवस पाण्याखाली होता. जुनी वैद्यकाची पुस्तकं खालच्या कपाटांत होती, कारण ती जड होती आणि कुणी मागत नव्हतं. पाणी ओसरल्यावर दार उघडायला चार माणसं लागली. आत फुगलेल्या पुस्तकांनी कपाटं आतून फाडली होती. तो वास अजून कधी कधी स्वप्नात येतो.

तुम्ही येण्याआधी कोण कोण येऊन गेलं, तेही सांगते. एक साहेब आले, रुमाल नाकाला लावून दारातूनच बघितलं आणि म्हणाले, "निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवा, मंजूर करून देतो." निर्लेखन म्हणजे दाखलखात्यात तांबडी रेघ आणि पुस्तकं रद्दीत. दुसऱ्या एकांनी विचारलं, "इंटरनेटवर पीडीएफ असेलच की याची?" असेल. पण त्या पीडीएफच्या समासात माझ्या पणजोबांचं अक्षर नाही. एका मोठ्या शहरातल्या संस्थेला तर आम्ही २००५ च्या पुरानंतरच लिहिलं होतं. ही पुस्तकं छापील आहेत, हस्तलिखितं नव्हेत, म्हणून दुर्मिळ धरता येत नाहीत, असं दोन ओळींचं उत्तर आलं आणि आमचा अर्ज बासनात गेला. तेव्हा कुणी येऊन नुसतं सांगितलं असतं, की ही कपाटं वरच्या मजल्यावर न्या, तरी पुढचं सगळं टळलं असतं. राग आहे मला. इतक्या वर्षांनी लिहितानाही आहे.

आणि जे मदतीला आले त्यांनी केलेलं नुकसानही मी बघितलंय. पुष्कळ वर्षांपूर्वी एका बाइंडरकडे आजोबांची अष्टांगहृदयाची प्रत दिली होती, १९३९ ची, हरिशास्त्री पराडकरांनी संपादित केलेली. तिच्यात अरुणदत्ताच्या टीकेबरोबर, म्हणजे ग्रंथाचा अर्थ उलगडणाऱ्या विवेचनाबरोबर, हेमाद्रीचीही टीका आहे. हेमाद्री म्हणजे आपला हेमाडपंत. देवगिरीच्या यादवांचा हा मंत्री देवळांच्या बांधणीसाठी सगळ्यांना ठाऊक. वैद्यकावरही त्याने लिहिलं, हे वैद्यांच्या घराबाहेर फारसं कुणाच्या कानावर नसतं. त्या प्रतीच्या समासात आजोबांनी उभ्या ओळींत टिपणं केली होती. बाइंडरने पुस्तक छान चौकोनी दिसावं म्हणून तिन्ही बाजू कटरवर घेतल्या. अर्धी अक्षरं गेली. खळीत मोरचूद घातला होता, कसर लागू नये म्हणून. कागद त्यानेच आणखी करपतो, हे आम्हाला पुढे तुमच्याकडून कळलं. त्याआधी आम्ही स्वतः फाटक्या पानांना चिकटपट्ट्या लावल्या होत्या, त्याही मायेनेच. त्या पट्ट्यांचा डिंक कागदात उतरून तपकिरी झाला होता आणि पट्टी सुटली तरी डाग सुटत नव्हता.

म्हणून तुम्ही आलात तेव्हा मी फार आशेने बघत नव्हते. एसटीने आलात. एक कापडी पिशवी आणि एक पत्र्याची पेटी. चपला दाराशी काढल्यात. तळमजल्यावर घोट्याएवढा चिखल होता आणि तुम्ही अनवाणी आत गेलात. मी म्हटलं, "अहो, काचा असतील." तुम्ही म्हणालात, "चपलेखाली पान आलं तर मला कळणार नाही."

बेदाण्याच्या एका कोल्ड स्टोरेजवाल्यांनी जागा देऊ केली होती. तुम्ही त्यांचे आभार मानलेत आणि सांगितलंत, की तेवढी थंडी बुरशीला नुसती रेंगाळवते, थांबवायची तर पुस्तकं गोठली पाहिजेत. मग एका आइस्क्रीमवाल्यांनी त्यांचा डीप फ्रीझर रिकामा करून दिला. पुरात त्यांचंही नुकसान झालं होतं. त्यांचे आभार मी समक्ष मानले आहेत, इथेही मानते. रात्री कंदिलाच्या उजेडात पुस्तकं गुंडाळताना तुम्ही आम्हाला फ्लॉरेन्सची गोष्ट सांगितलीत. १९६६ च्या नोव्हेंबरात आर्नो नदी तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात शिरली, देशोदेशींची तरुण पोरं चिखलातून पुस्तकं हातोहात वर काढायला धावली, लोक त्यांना चिखलातले देवदूत म्हणायला लागले, आणि तिथून पुढे पुस्तक वाचवण्याचं शास्त्रच बदललं. आमच्या कॉलेजची सहा पोरं ओळीत उभी होती. ती ऐकता ऐकता ताठ झालेली मी बघितली.

पण मला जे लिहायचं आहे ते त्याच्या आदल्या दुपारचं आहे.

पुस्तक मिटलेलंच दाबून धरून तुम्ही उथळ तबकात चिखल धूत होतात. धुऊन झालं की आमचा गडी तबकातलं पाणी अंगणात ओतायचा. दुसऱ्या की तिसऱ्या तबकाला तुम्ही त्याला थांबवलंत. पेटी उघडून मलमलीसारखं काही शोधलंत, मिळालं नाही, आणि मग स्वतःची ओढणी काढून तिचं टोक बादलीवर ताणून धरलंत. "यातून ओता, हळू." त्यानंतर प्रत्येक तबकाचं पाणी त्या ओढणीतून गेलं. किती बादल्या झाल्या मी मोजल्या नाहीत, पण अंधार पडेपर्यंत तुम्ही प्रत्येक वेळी वाकून, कापडावरचा गाळ बोटाच्या टोकाने सारून बघत होतात. काटक्या, काच, एक मेलेला विंचू. आणि कागदाचे तीन कपटे. ते तुम्ही वेगवेगळ्या कोऱ्या पाकिटांत घातलेत आणि कुठल्या पुस्तकाच्या पाण्यातला कुठला, ते शिसपेन्सिलीने लिहिलंत.

आमच्या घरात सगळं वस्त्रगाळ करतात, ताई. चूर्ण फडक्यातून, काढा फडक्यातून. पणजी सांगायची, की गाळताना घाई करणाऱ्याने औषध देऊ नये. त्या दिवशी तुम्हाला बघून मला पहिल्यांदा वाटलं, ही पुस्तकं योग्य हातांत पडली. ज्या चिखलाला सगळे ओतून मोकळे होत होते, त्यात एखादं अक्षर असेल अशी शंका तुम्हाला आली. निम्मी मदत माणूस दुसऱ्याचं नुकसान किती मोठं मानतो यावरच ठरते, असं मला तेव्हापासून वाटतं. दारातून बघणाऱ्या साहेबांना ते नुकसान चार आकडी रकमेचं दिसलं. तुम्हाला ते नखाएवढ्या कपट्याचं दिसलं, आणि म्हणूनच खरं किती मोठं आहे तेही तुम्हालाच दिसलं. असे लोक अजून आहेत. त्यांची कुठे बातमी होत नाही, ते एसटीने येतात आणि तिकिटापलीकडे पैसे घेत नाहीत.

पुढचं काम किती किचकट होतं ते मी सांगायला गेले तर चुकेन. एवढं आठवतं, की दुरुस्तीसाठी तुम्ही परत आलात तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात गव्हाची खळ शिजवलीत. काकू डोकावली आणि म्हणाली, "अगं, हा तर कुरडयांचा चीक!" तुम्ही केवढ्या खुललात. हो, तोच, फक्त यात मीठ नाही, हिंग नाही. मग काकूने तुम्हाला चीक गुठळी न होता कसा हाटायचा ते दाखवलं आणि तुम्ही शिकून घेतलंत. तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा तो जपानी कागद, हातात धरला तर पलीकडची बोटं दिसावीत एवढा पातळ, तो या चिकाने फाटक्या कडांना लागला. मी विचारलं होतं, कायमचं टिकेल ना? तुम्ही म्हणालात, "टिकेल. पण उद्या माझ्यापेक्षा जाणत्या कुणाला हे काढावंसं वाटलं, तर नुसत्या पाण्याने निघालं पाहिजे." आपलं काम पुढच्या माणसाला पुसता यावं म्हणून जपून करणारी व्यक्ती मी दुसरी पाहिलेली नाही.

टाकाची आणि दौतीची टिपणं बरीचशी धुऊन गेली. निळे ढग उरले पानांवर. पण पणजोबा शिसपेन्सिलीने लिहायचे आणि शिसपेन्सिलीला पाणी काही करत नाही. ज्वरचिकित्सेच्या समासात त्यांची एक ओळ सापडली: "शके १८४० आश्विन. मानमोडी. आज ११ पाहिले." म्हणजे १९१८ चा ऑक्टोबर. त्या तापाच्या साथीला आपल्याकडे मानमोडी म्हणत. हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं गेली तिच्यात. ओळ तिथेच संपत नव्हती. पुढे पान फाटलं होतं, आणि फाटलेल्या जागेच्या पलीकडे एकटाच "ले" उरला होता.

पूर येईपर्यंत मी ते पान एकदाही उघडलं नव्हतं, हे मला इथे कबूल केलं पाहिजे. तो "ले" बघून आम्ही घरातल्या सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं, की "बरे झाले". मी तर दवाखान्यात पेशंटांना सांगितलंही, आमच्या पणजोबांनी मानमोडीत अकरा जण बरे केले म्हणून.

मग २०२० आलं. तुमचं काम थांबलं, माझं वाढलं. त्या दिवसांत रात्री घरी आल्यावर मला त्या पानाची आठवण यायची. अकरा, मी स्वतःशी म्हणायची. अकरा बरे झाले.

पुढच्या वर्षी तुमचा फोन आला. पाकिटातला एक कपटा, जो चिखलाने गुंडाळीसारखा आवळला होता, तो तुम्ही ओलावा देऊन उलगडला होता. करंगळीच्या नखाएवढा. फोनवर तुम्ही थोडा वेळ बोललाच नाहीत. मग म्हणालात, "वैद्यबाई, यावर '४ गे' आहे."

आज ११ पाहिले. ४ गेले.

मला वाईट वाटलं नाही, असं लिहिलं तर खोटं होईल. पण त्याहून जास्त काहीतरी दुसरंच वाटलं, आणि ते कुणाला सांगावं ते कळेना, म्हणून हे पत्र. पणजोबांनी ते लपवलं नाही. दुसरं कुणी बघणार नव्हतं तरी, ज्या अध्यायात त्यांनी उपाय शोधला त्याच्याच समासात लिहून ठेवलं, की आज चार जणांना मी वाचवू शकलो नाही. आणि ती चार माणसं, ज्यांची नावंही आता कुणाला माहीत नाहीत, आमच्या अंगणात चिखलाबरोबर ओतली जाणार होती. तुमच्या ओढणीने ती अडवली. दवाखान्यात मी आता खरा आकडा सांगते.

सगळं वाचलं नाही, हे तुम्हालाही टोचतं, मला माहीत आहे. वाचनालयातला तो इंग्रजी शरीररचनेचा जाड ग्रंथ, ज्याच्या चित्रांचा कागद गुळगुळीत होता, त्याची पानं वाळताना एकमेकांना चिकटून वीट झाली. तुम्ही त्याच्यावर तीन दिवस घालवलेत आणि शेवटी हात जोडलेत. मिरजेला १८९४ मध्ये वॉन्लेस साहेबांनी मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून या भागात इंग्रजी वैद्यकाचे ग्रंथही येत राहिले. आमच्याकडचे त्यातले फारसे उरले नाहीत. आम्ही आधी हललो असतो तर उरले असते. तो दोष तुमच्याकडे घेऊ नका.

पुस्तकं आता वरच्या मजल्यावर आहेत, भिंतीपासून वीतभर लांब, खालचा खण रिकामा. कडुनिंबाचा पाला तुम्ही सांगितल्याप्रमाणे पुस्तकाला न टेकता ठेवतो. त्या सहा पोरांपैकी एकजण आयुर्वेदाला गेला आहे आणि दर रविवारी येऊन आजोबांची कापलेली टिपणं लावत बसतो, अर्ध्या अक्षरांवरून.

उरलेल्या दोन कपट्यांची पानं अजून सापडलेली नाहीत. एकावर नुसती एक वेलांटी आहे, दुसऱ्यावर "गुळ", म्हणजे गूळ की गुळवेल ते ठरत नाही. तुमच्या अक्षरातली ती पाकिटं कपाटाच्या वरच्या खणात डाव्या हाताला ठेवली आहेत. काकू विचारत होती, चैत्रात कुरडया घालायच्या आहेत, तेव्हा येतील का त्या. या.

तुमची,
सांगलीची वैद्यबाई