नळी निघेपर्यंत घरचं नाव काढू नका

आई-बाबा,

फोनवर विषय काढला की बाबा "बरं बरं" म्हणून फोन तुझ्याकडे देतात, म्हणून लिहून पाठवतेय. आई, मोठ्यानं वाचून दाखव त्यांना.

लिव्हरमधल्या गळूचा पू काढायला घातलेली नळी निघेपर्यंत बाबा दवाखान्यातच राहणार आणि तिथून थेट पुण्याला माझ्याकडे. डॉक्टरांशी बोलून झालंय, गाडीपण सांगितलीय.

बाबा, तात्या नुसत्या गोळ्यांवर बरे झाले हे मलापण माहितीय, पण त्यांचं गळू अमिबाचं होतं, त्याला बहुतेक वेळा मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या पुरतात. तुमच्या लिव्हरमधला पू बॅक्टेरियाचा आहे, पुवाच्या तपासणीत (कल्चरमध्ये) क्लेब्सिएला नावाचा जंतू आलाय, शुगरवाल्यांना तो जास्त गाठतो. गळू ५ सेंटिमीटरच्या वर असलं की नुसत्या सलाइनमधल्या औषधावर सहसा भागत नाही, पू बाहेर काढावा लागतो. सोनोग्राफीत बघत बघत नळी घातलीय, पोट फाडलेलं नाही. सही मी केली, तुम्हाला हुडहुडी भरलेली, विचारणार कसं? आणि आई, बाटलीभर पू निघालेला तू स्वतः बघितलास ना, मग रात्रभर जागून कॅन्सर कॅन्सर काय लावलंयस.

बाबा, लहानपणी गड्ड्याच्या जत्रेत मी रडले म्हणून तुम्ही चालू पाळणा थांबवायला लावला होतात, पाळणेवाला किती चिडला होता! पण तुम्ही कितीही कुरकुर केलीत तरी मी काय नळी काढायला लावणार नाही. रोज किती मिली येतंय ते दुधाच्या हिशोबासारखं वहीत लिहा. १०-२० च्या खाली आलं आणि सोनोग्राफी चांगली आली की काढतील.

सोलापुरातले डॉक्टर चांगलेच आहेत, प्रश्न तो नाहीच. पण औषध एकूण ४ ते ६ आठवडे चालणार, आधी शिरेतून मग गोळ्या, आणि ताप उतरला की पाकीट कपाटात टाकायची तुमची खोड जुनी आहे (आई कानाडोळा करते, तेही माहितीय). कायमचं नाही ओ, कोर्स संपेपर्यंत. काकू रोज दिवा लावतील, कुंड्यांना पाणी घालतील. इकडे लिफ्ट आहे, कमोड आहे, रस्त्याकडची खोली तुम्हाला दिलीय, पेपर सकाळी लवकर येतो. ज्वारीची भाकरी करणाऱ्या मावशी मिळाल्यात. कडक भाकरी आणि शेंगाचटणी तेवढी तिकडून आणा, इथल्या चटणीला ती चव नाही.

आता ऐका. डोळा लाल झाला, दुखला, अंधुक दिसायला लागलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं, "मोतीबिंदू असेल" म्हणून बसायचं नाही, हा जंतू रक्तातून डोळ्यातपण जाऊ शकतो. घाबरवत नाहीये, फक्त सांगून ठेवतेय. मेट्रोनिडाझोल तुम्हालापण चालू आहे, त्यानं तोंड कडू होतं, म्हणून जेवण सोडू नका. आई, तुझी बीपीची गोळी चुकवू नको, आणि कँटीनच्या चहावर दिवस काढू नको. बाबांना झोप लागली की तूपण पड जरा.

शनिवारी येतेय. जुनी फाइल आणि शुगरचे रिपोर्ट एका पिशवीत काढून ठेव.

तुमची
बेबी