कुत्र्याला शिकवताना साऱ्या घराने एकच शब्द धरावा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पाळीव कुत्र्यांच्या उपद्रवाविषयी आपल्या स्तंभात अधूनमधून पत्रे येतात आणि त्यांतील बहुतेक तक्रारी रास्त असतात. शाळेला निघालेल्या मुलांच्या मागे लागणारा किंवा पोस्टमनला फाटकापाशी अडवून धरणारा कुत्रा कोणालाच नको असतो. मात्र त्या कुत्र्याला घरातल्या कोणी रोज दहा मिनिटे काही शिकवले होते काय, ही चौकशी क्वचितच होते. आपल्याकडे कुत्रा राखणीसाठी पाळतात. बागेत वानर शिरतात, रात्री बिबट्याची भीती असते, म्हणून तो भुंकला म्हणजे त्याचे शिक्षण झाले, असे आपण धरून चालतो.

गुहागर तालुक्यातील आमच्या घरी तीन वर्षांपूर्वी मोत्या हे गावठी पिल्लू आले, तेव्हा आम्ही त्याला प्रथम 'बस' हा शब्द शिकवला. भाकरीचा तुकडा त्याच्या नाकासमोर धरून हात हळूहळू डोक्यावरून मागे न्यायचा. मान वर जाते तसे बूड आपोआप खाली येते, आणि ते जमिनीला लागताक्षणी तुकडा तोंडात द्यायचा. चार दिवसांत त्याला हे जमले. परंतु घरात हा शब्द दिवसातून किती वेळा उच्चारला जातो, हे आमच्या ध्यानात आले नव्हते. पाहुणे ओटीवर आले की आई 'बसा, बसा' म्हणे, आणि पाहुण्यांच्या आधी मोत्या ताठ बसून तुकड्याची वाट पाहत राही. एके सकाळी तो माझ्याबरोबर तिठ्यावर आला असताना कोणीतरी 'बस आली, बस आली' असे ओरडले आणि मोत्याने रस्त्याच्या मधोमध बैठक मारली. चालकाने गाडी थांबवली, मी डब्यातली अर्धी पोळी दाखवून त्याला कडेला घेतले, प्रवासी पोट धरून हसले. प्रसंग हसण्याजोगाच होता. पण मोत्याने सांगितलेले तंतोतंत ऐकले होते, हेही तितकेच खरे. त्यातच वडील त्याला 'खाली' म्हणत आणि मुलगा 'सिट', त्यामुळे तो बिचारा तिघांच्या तोंडांकडे आळीपाळीने पाही. त्या दिवसापासून आम्ही 'टेक' हा दुसऱ्या कशासाठी न लागणारा शब्द आणि तळहाताची एक खूण ठरवली व घरातील पाचही जणांनी ती कसोशीने पाळली.

दुसरी चूक अधिक महागात पडली. शेजारच्या अंगणात सुकत घातलेल्या बांगड्यांतला एखादा मोत्या पळवी. मी 'मोत्या, ये' अशी हाक मारी आणि तो जवळ आला की चापट देई. कुत्रा शाबासकीचा किंवा माराचा संबंध अगदी त्या क्षणी घडलेल्या गोष्टीशी जोडतो. बांगडा चोरल्याचा मार आहे असे मला वाटत होते; त्याच्या लेखी तो हाकेला ओ दिल्याचा मार होता. तिसऱ्या खेपेपासून तो दहा हात अंतरावर थांबू लागला आणि 'ये' हा शब्द आमच्या घरात कायमचा नासला.

पुढे फेब्रुवारीत एका पहाटे मी त्याला समुद्रावर मोकळे सोडले. नोव्हेंबर ते मार्च या काळात वेळास, आंजर्ले, गुहागर येथील किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालतात; एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात, आणि कासवमित्रांनी ती जाळीच्या कुंपणात हलवण्याआधी कुत्र्याला वास लागला तर सारे संपते. मोत्या ताज्या वाळूत पंजे मारत होता, मी हाका मारत होतो आणि तो येत नव्हता. गस्तीवरच्या कासवमित्राने धावत येऊन त्याला हुसकले म्हणून ते घरटे वाचले. नंतर वीस फुटी दोरी बांधून, 'घरी' हा नवा शब्द घेऊन आणि आल्यावर प्रत्येक वेळी बिनमिठाच्या उकडलेल्या कोंबडीचा तुकडा देऊन (खारवलेली सुकी मासळी देऊ नये, इतके मीठ कुत्र्याला बाधते) ही हाक पुन्हा बसवायला दोन महिने लागले. आता तो आला की त्याला कोणीही रागावत नाही, मग त्याने काहीही केलेले असो.

माझी विनंती अशी की, लुई पाश्चर यांच्या स्मृतिदिनी, म्हणजे २८ सप्टेंबरला, जागतिक रेबीज दिनानिमित्त ठिकठिकाणी कुत्र्यांच्या लसीकरणाची जी शिबिरे भरतात, तेथे ग्रामपंचायतींनी व पशुवैद्यकीय दवाखान्यांनी अर्धा तास या शिकवणीसाठी राखून ठेवावा. मालक आणि कुत्रा दोघेही तेथे असतातच. बसणे, थांबणे, हाकेला येणे आणि दोरीला न ओढता चालणे, एवढे प्रत्यक्ष करून दाखवले तरी पुष्कळ होईल. लहान पिल्ले आणणाऱ्यांना हेही सांगावे की, साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाला अनोळखी माणसे, सायकल, उघडलेली छत्री आणि रेनकोट घातलेला माणूस यांची ओळख धीराने करून द्यावी. नाहीतर मृगाच्या पहिल्या सरीला ते साऱ्या वाडीवर भुंकत सुटते. आमच्या गावी असे शिबिर भरल्यास दाखवण्यासाठी मोत्याला घेऊन यायला मी आनंदाने तयार आहे.

आपला नम्र,
एक वाचक, ता. गुहागर, जि. रत्नागिरी