शिरोरेषा फिकी का पडते?

महोदय,

'एलईडी बोर्ड वीज खातच नाही', हे वाक्य मी दुकानात रोज ऐकते. गेली चौदा वर्षं सरकत्या अक्षरांचे बोर्ड जोडणं आणि दुरुस्त करणं हाच माझा धंदा आहे. दुकानांच्या पाट्या, मंगल कार्यालयं, देवळातले बोर्ड आणि अलीकडे सरकारी कार्यालयांचे. त्यातल्याच एकाबद्दल लिहिते, कारण त्यात पैसा तुमचा-आमचा आहे.

बोर्ड शेजारच्या तालुक्यातल्या एका कार्यालयाचा, वीस पॅनेलचा, दहा-दहाच्या दोन ओळी. वर्षाच्या आत तक्रार आली की उजवीकडची अक्षरं बावचळतात आणि शिरोरेषा फिकी दिसते. काना-मात्रा ठळक आणि वरची आडवी रेघ मात्र धुऊन काढल्यासारखी. पुरवठादारानं पॅनेल बदलायचं कोटेशन देऊनही टाकलं होतं. मी शिडीवर चढून मीटर लावला. मजकूर फिरत असताना पहिल्या पॅनेलला 5 व्होल्ट, दहाव्याला 4.1. पॅनेलं धडधाकट होती.

गंमत अशी आहे, की हे पॅनेल तारा वाचवण्यात फार हुशार आहे. पी-10 म्हणतात त्याला. आडवे 32 आणि उभे 16, असे 512 दिवे. प्रत्येकाला वेगळी तार द्यायची तर 512 तारा. आडव्या-उभ्या रांगांनी जोडले तर 48. प्रत्यक्षात मजकूर पाठवणाऱ्या कंट्रोल कार्डातून येणाऱ्या कामाच्या तारा फक्त सहा. स्लॅब टाकताना घमेली हातोहात पुढे देतात ना, तशी माहिती एकाच तारेवरून येते आणि 16 छोट्या आयसी, म्हणजे चिपा, ती पुढे सरकवतात. दिवेही सगळे एकदम पेटत नाहीत. 16 ओळींचे चार गट आहेत, एका वेळी एकच गट, म्हणजे जास्तीत जास्त 128 दिवे. डोळ्याला कळत नाही, मोबाईलनं फोटो काढा, काळे पट्टे दिसतील.

आता शिरोरेषेचं. जवळजवळ अख्खी ओळ पेटते, म्हणून तिच्या गटाची पाळी आली की बोर्ड सगळ्यात जास्त करंट ओढतो. तार बारीक असेल तर नेमकं त्याच क्षणी व्होल्टेज बसतं. इंग्रजी अक्षरांना अशी रेघ नसते. बोर्ड ताब्यात देताना 'वेलकम' फिरवून दाखवलं असणार आणि सगळ्यांनी माना डोलावल्या असणार.

चूक कुठे झाली? माहितीची तार पॅनेलमधून पॅनेलमध्ये ओवत नेली तरी चालतं, कारण प्रत्येक पॅनेलमधली एक आयसी सिग्नलला पुन्हा जोर देते. विजेचं तसं नाही. बोर्ड जोडणाऱ्या गड्यांनी दोन्ही सप्लाय, म्हणजे पॅनेलांना 5 व्होल्ट देणारे डबे, डाव्या टोकाला ठेवले आणि बारीक तार पॅनेलमागून पॅनेल ओवत नेली. मी सप्लायपासून दर दोन पॅनेलांना अडीच स्क्वेअर मिलिमीटर जाडीच्या तारांची वेगळी जोडी दिली. अर्धा दिवस आणि काही मीटर तांबं. शेवटच्या पॅनेलला 4.9 आले.

तारा वाचवण्याचं कोडं टीव्हीवाल्यांनाही सोडवावं लागलं. फुल एचडी पडद्यावर 62 लाखांवर रंगीत ठिपके असतात, पण 5,760 उभ्या आणि 1,080 आडव्या मिळून 6,840 रेषांवर काम भागतं, कारण प्रत्येक ठिपक्यापाशी काचेवरच एक ट्रान्झिस्टर बसवलेला असतो. काही महागडे फोन तर चित्र स्थिर असलं की पडदा सेकंदाला एकदाच ताजा करतात, बॅटरी वाचावी म्हणून. आमच्या बोर्डात एवढं काही नाही. पण त्या सहा तारांपैकी एक, जिला आम्ही ओई म्हणतो, दिवे किती वेळ पेटायचे ते ठरवते. तिच्यावरून तेज चौथाईवर आणलं की दिव्यांची वीजही चौथाईच्या आसपास येते. रात्री कुणालाही तेवढं तेज पुरतं. त्यासाठी लागतो उजेड ओळखणारा एक सेन्सर नाहीतर घड्याळाचं सेटिंग.

आणि कृपा करून उलटी पाटी मागू नका. उजळ पाटीवर काळी अक्षरं सराफांना फार आवडतात. साध्या मजकुरात पाचवा हिस्सा दिवे पेटतात, उलट्या पाटीत बाकीचे सगळे. वीस पॅनेल सगळी पेटली तर माझ्या मीटरवर 70 अँपिअर दिसतात, म्हणजे 350 वॉट. सप्लायमधली घट धरून रात्रीच्या दहा तासांत चार युनिट.

माझ्या पाहण्यातल्या टेंडरमध्ये बोर्डाची लांबी-रुंदी असते, तेज असतं, वॉरंटी असते. शेवटच्या पॅनेलला किती व्होल्ट मिळाले पाहिजेत, हे कुठेच नसतं. रात्री तेज आपोआप उतरलं पाहिजे, हेही नसतं. या दोन ओळी घाला आणि चाचणी मराठी मजकुरावर घ्या, एवढंच म्हणणं.

त्या कार्यालयात तारा बदलल्यावर मी रात्रीचं तेज उतरवून देते म्हटलं, पैसे न घेता. त्याला वरून मंजुरी लागेल, असं उत्तर मिळालं. कुलूपबंद कार्यालयावर बोर्ड अजून रात्रभर पूर्ण तेजात फिरतो. शिरोरेषा आता ठळक आहे.

— बोर्ड दुरुस्त करणारी एक वाचक, बार्शी