तयार दोरीवर भलत्याच जागी दाबलेला नॉकिंग पॉइंट आणि त्यावर मिळालेली उत्तरे : लेखी तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

आजच्या फोननंतर लगेच हे पत्र लिहीत आहे. यापुढे फोन करणार नाही.

पारंपरिक धनुष्यासाठीच्या तुमच्या ‘तयार दोरी व नॉकिंग किट’मध्ये काय काय येते ते तुम्हाला ठाऊक असणारच. ६२ इंची, ४० पौंडी रीकर्व्हसाठी (टोके पुढे वळलेल्या धनुष्यासाठी) ५८ इंचाची, १४ पदरी डॅक्रॉनची (पॉलिएस्टर धाग्याची) दोरी मागवली होती. दोरीचा पीळ आणि टोकांचे फासे याबद्दल तक्रार नाही. तक्रार पितळी कडीबद्दल आहे. ती तुम्ही कारखान्यातच, दोरीच्या बरोब्बर मधोमध, २९ इंचांवर दाबून पाठवता.

नॉकिंग पॉइंट, म्हणजे बाणाची शेपटी जिच्या खाली बसवायची ती दोरीवरची खूण, दोरीच्या मध्यावर नसतो. धनुष्याच्या मध्याशी येते ती मूठ. बाण टेकवायचा कट्टा, म्हणजे शेल्फ, तिच्या वर. बाणाची शेपटी त्या शेल्फच्याही थोडी वर बसावी लागते. या धनुष्यावर तुमची कडी शेल्फच्या पातळीखाली जवळपास एक इंच येते. खरी जागा शेल्फच्या वर अर्ध्या इंचाला. म्हणजे चूक दीड इंचाची, बारा सुतांची. या कामात अर्ध्या सुताने फरक पडतो, हे व्यवस्थापनाला सांगायची वेळ यावी?

मुळात कडी कारखान्यात बसवायचीच कशाला? तिची जागा धनुष्यावर ठरते. आधी दोरी चढवायची, पीळ कमीजास्त करून ब्रेस हाइट (मूठ आणि दोरी यांतले अंतर) धनुष्य बनवणाऱ्याने सांगितलेल्या मापात आणायची. नवी डॅक्रॉन ताणते, म्हणून पुरेसे बाण सोडून ती बसू द्यायची आणि ब्रेस हाइट पुन्हा मोजायची. मगच बो स्क्वेअर (दोरीला लावायचा गुण्या) दोरीला अडकवून आडवी पट्टी शेल्फवर टेकवायची आणि कडीची खालची कड काटकोनाच्या वर अर्धा ते ५/८ इंचावर येईल अशी तात्पुरती खूण करायची. तिन्ही बोटे बाणाखाली धरणाऱ्याला याहून थोडे वर जावे लागते. सुरुवात नेहमी उंचावरून करून खाली यायचे, कारण नॉक (बाणाच्या शेपटीची खाच) फार खाली असला तर बाणाची शेपटी शेल्फवर आपटून वर उसळते आणि नॉक उंच असल्याचा खोटाच भास होतो. शेवटचा निकाल बिनपिसाच्या बाणाचा : तो पिसांच्या बाणांच्या खाली लागला तर नॉक उंच आहे, खाली घ्या, वर लागला तर वर घ्या. एकाच धनुष्यावर दोन माणसांची जागा वेगळी निघू शकते. तुमच्या पत्रकात यातली एक ओळ नाही. ‘कडी बसवलेली आहे, लगेच वापरा’ हे मात्र ठळक अक्षरांत आहे.

आता आजच्या फोनबद्दल. तुमच्याकडे संभाषण रेकॉर्ड होते असे सुरुवातीलाच ऐकवतात, तेव्हा ते काढून ऐकाच.

‘तांत्रिक सल्लागार’ म्हणून जोडून दिलेल्या गृहस्थांना मी सांगितले की कडी दोरीच्या मध्यावर आहे. ते म्हणाले, “हो सर, बरोबर आहे, मधोमधच असते.” मी म्हटले, मधोमध नसते. त्यावर शांतता, मागे कागद चाळल्याचा आवाज, आणि मग, “सर, सेंटर में ही तो रहता है ना!” जणू मराठीत पटले नाही ते हिंदीत पटेल. ही दोरी आहे, पायजम्याची नाडी नव्हे, की दोन्ही टोके सारखी लोंबली म्हणजे काम झाले. मी विचारले, शेल्फपासून किती वर? ते म्हणाले, “शेल्फ आम्ही विकत नाही सर.” शेल्फ धनुष्याच्या मुठीवरच कापलेले असते असे सांगितल्यावर ते म्हणाले, “मग धनुष्यवाल्यांना विचारा.” मी सांगितले की बाणाची शेपटी आपटते, बाण वरखाली डुलत जातो आणि वर लागतो. तेव्हा एकदाचा सल्ला मिळाला : “वर लागतोय ना सर? मग नेम थोडा खाली धरा.”

नेम थोडा खाली धरा! म्हणजे बाण वाकडा सुटला तरी चालेल, माणसाने वाकडे बघायचे. शेपटी आपटून डुलत गेलेला बाण दर वेळी तेवढाच वर लागत नाही. मग खाली धरायचे ते किती, हे सल्लागारांनी सांगितले नाही. उलट विचारले, “सर, तुम्ही नागपूरचे ना? तिकडे ऊन फार, दोरी ढिली झाली असेल.” नागपूरला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, मान्य. त्या उन्हात दोरीचे मेण मऊ होऊन बोटांना चिकटते. दोरी ताणली तर ब्रेस हाइट उतरते, नॉकिंग पॉइंट थोडा हलतो. पण ५८ इंचांचा मध्य २९ इंचांवर हे गणित उन्हाने पाघळत नाही.

शेवटी ते म्हणाले, “पकडीने सरकवून घ्या.” दाबलेली पितळी कडी सरकवायची नसते, उघडून काढायची असते, सरकवली की खालची सर्व्हिंग (दोरीवर गुंडाळलेला संरक्षक धागा) सोलवटून निघते. तुमच्या कडीच्या फटीच्या कडा तर आधीच सर्व्हिंगमध्ये रुतलेल्या आहेत. कडी गोल दाबणारी नॉक-पक्कड न वापरता साध्या पकडीने चेपली की ती अंडाकृती होते आणि धागा कापते. न काढलेल्या कडीचे आणि कडी उघडल्यावर खाली दिसलेल्या कापलेल्या वेढ्यांचे फोटो सोबत आहेत. कोऱ्या दोरीला पुन्हा सर्व्हिंग करावी लागणार आहे.

सर्व्हिंगच्या जाडीबद्दलही लिहितो. दोरीला बाण लावून लोंबता ठेवला तर तो पडू नये, पण बाणापासून इंच-दोन इंच अंतरावर दोरीला बोटाने टिचकी मारली की सुटावा. तुमच्या सर्व्हिंगवर नेहमीचे नॉक जोराने दाबावे लागतात आणि टिचकीने हलतसुद्धा नाहीत. पत्रकात यालाच ‘सुरक्षित पकड’ म्हटले आहे. नॉक सैल असला तर बाण निसटून धनुष्य रिकामे सुटण्याचा धोका असतो हे खरे; म्हणून तो चिकटून बसावा असे होत नाही.

किटमधला बो स्क्वेअर काटकोनात नाही. कागदावर रेघ मारून पट्टी उलटी ठेवली की रेघा जुळत नाहीत, कुणालाही तपासता येईल. आठ इंच लांब पट्टीत एका अंशाची चूक म्हणजे टोकाला सुमारे साडेतीन मिलिमीटर, एक सुताहून जास्त. अर्ध्या सुताचे काम त्याने कसे करायचे? आणि तिन्ही बोटे खाली धरणाऱ्याला बाण खाली घसरू नये म्हणून दुसरी, खालची खूण लागते. किटमध्ये कडी एकच आहे. दोन खुणांमध्ये नॉक सैलसर बसेल एवढी फट ठेवावी लागते, नाहीतर दोरी ओढल्यावर कोन आवळून नॉक चिमटला जातो, हेही पत्रकात घाला.

खरे तर पितळेची गरजच नव्हती. इथे बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) मिळणाऱ्या दातांच्या फ्लॉसने किंवा सर्व्हिंगच्याच धाग्याने, एक गाठ पुढे एक गाठ मागे अशा पाच-सहा गाठी मारून खूण बांधता येते. ती वजनाला हलकी असते, बोटांवरची टॅब कुरतडत नाही आणि गोंद लावेपर्यंत सर्व्हिंगवर फिरवत वर-खाली नेता येते. जागा पक्की झाली की टोके किंचित जाळून गोंदाचा एक थेंब. तुमच्या कुरिअरच्या खर्चाहून स्वस्त. नवख्या माणसाला एवढे माहीत नसते, तो पत्रकावर विश्वास ठेवतो आणि बाण वर गेला की स्वतःच्या हाताला दोष देतो. तुमच्या नावावर आजवर भरवसा होता, म्हणूनच हे जास्त लागते.

मागणी अशी : किटचे पूर्ण पैसे आणि परत पाठवण्याचा खर्च द्यावा, उरलेल्या मालातली मधोमध दाबलेली कडी काढून दोरी कोरी विकावी, आणि पत्रक धनुष्य हातात धरलेल्या माणसाकडून लिहून घ्यावे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे तारखेला तुम्हाला नागपूरला यावे लागेल. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही नाही. आयोगापुढे ‘नेम थोडा खाली धरा’ हा सल्ला जसाच्या तसा वाचून दाखवीन.

आपला ग्राहक,
नागपूर

ता.क. तुमच्या सल्लागारांनी फोन ठेवताना पाचपैकी गुण द्यायला सांगितले. ते दिलेले नाहीत.